माश्यांची रांग

तुळस पाण्यानं मरते. उन्हानं सहसा मरत नाही, हैदराबादच्या वैशाखातल्या उन्हानंसुद्धा नाही. घरातली माणसं तिला प्रेमानं बुडवून मारतात. सकाळी सासूबाई आंघोळ करून एक तांब्या घालतात, मागून सून घालते, आजोबा सूर्याला अर्घ्य देतात तेही तिच्याच मुळाशी, आणि नातीची परीक्षा असली की तिचा वेगळा तांब्या. मुळं कुजतात, पानं मान टाकतात. मग सगळं घर ओरडतं, "अगं बाई, सुकली!" आणि वर आणखी एक तांब्या रिता होतो.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, "सिंधूताई, तुमच्या कामाबद्दल लिहा. हलकंफुलकं. अंक तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर निघतो, लोकांना चार टिपाही मिळतील." टिपा हव्या असतील त्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा, सगळ्या त्यातच आल्या. हलकंफुलकं मात्र माझ्यापाशी उरलेलं नाही. तारनाक्याच्या मागे, रेल्वेच्या भिंतीला लागून एका भाड्याच्या पट्टीत मी तीस वर्षांवर तुळशीची नर्सरी चालवली. ती यंदा बंद केली. का बंद केली ते सांगायचं तर बरकतपुऱ्याच्या काकूंबद्दल सांगावं लागेल, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या मराठीत मधूनच "हौ" आणि "नक्को" येतं. पुण्याकडच्यांनी हसून घ्यावं, आम्हाला त्याची सवय आहे.

आधी धंद्याचं सांगते. तुळस म्हणजे लोकांना वाटतं, देवाचं झाड, आपोआप येतं. येतं ना, दुसऱ्याच्या कुंपणात! विकायचं रोप करायचं म्हटलं की लाल माती चाळा, वाळू मिसळा, लेंडीखत मुरवा, बी राखेत घोळून भुरभुरा, आणि वाफ्यावर आठ दिवस डोळ्यांत तेल घालून बसा, कारण मुंग्या बी उचलून नेतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते फांद्या करतं. पुढे मंजिऱ्या आल्या रे आल्या की त्याही खुडायच्या. मंजिरी म्हणजे तिच्या फुलांचा तुरा. तो पिकू दिला, बी धरू दिलं, की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते म्हातारं व्हायला लागतं. खुडत राहिलात तर तीन-चार वर्षं हिरवं राहतं. मी डावखुरी. डाव्या हातानं खुडते म्हणून कितीतरी बायकांनी मला टोकलं. "देवाच्या झाडाला डावा हात?" मी म्हणायची, बाई, झाडाला हात कळतो, डावा-उजवा कळत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. हायटेक सिटीकडच्या चौदाव्या मजल्यावरचं एक जोडपं आलं, दोघं कंप्युटरवाले, मूळचे मुंबईचे. त्यांना पाणी घालावं न लागणारी, पानं न गाळणारी आणि माश्या न बोलावणारी तुळस हवी होती. मी म्हटलं, "मग चित्र न्या." ते हसले आणि दोन रोपं घेऊन गेले. दर सहा महिन्यांनी दोन नेतात. हो, अजून नेत होते, बंद करेपर्यंत.

एकदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. काचीगुड्याच्या एका घरची बाई वाळलेली कुंडी घेऊन आली. मागे नवी सून, डोळे सुजलेले. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते, आणि दारातली तुळस गेली. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं, हिचा पायगुण. सासू मला म्हणाली, "तुम्ही जाणकार, तुम्हीच सांगा." कुंडी उलटी करून ठोकली, मातीचा गोळा बादलीत बुडवला, मुळं धुतली आणि त्यांच्या नाकाशी धरली. काळी, चिकट, घाण मारणारी मुळं. "हा पायगुण नाही," मी म्हटलं, "हे पाणी आहे. घरात तुळशीला पाणी किती जणं घालतात?" सासूनं बोटं मोजली. पाच. "आणि सून कितवी?" ती म्हणाली, "तिला अजून घालू देत नाही, नवीन आहे." मग काय बोलणार! सून तिथेच रडायला लागली, आणि मी सासूला असं फैलावर घेतलं की शेजारचा चहावाला उठून आला. त्या सुनेनं पुढे वर्षानुवर्षं मला संक्रांतीचं वाण आणून दिलं. या कामात मला अभिमान वाटावा असं काही असेल तर ते हे.

आता काकू. मी नर्सरी सुरू केली तेव्हा बाजारातून आणलेली मिळमिळीत रोपं विकायची. यजमान रेल्वेत, घरी वेळच वेळ, म्हणून चाललेला उद्योग. बरकतपुऱ्यात एका घरी झेंडूच्या कुंड्या पोचवायला गेले. फाटक उघडलं आणि मी अंगणातच थबकले. लवंग आणि मिरं एकत्र ठेचल्यासारखा वास. वृंदावनात काळी तुळस, बारीक पानं, जांभळा बुंधा, आणि मंजिऱ्यांवर माश्यांचा असा गुंजारव की बोलणं ऐकू येईना. काकू, म्हणजे त्या घरच्या बाई, तेव्हा पन्नाशीच्या असतील. त्यांच्या सासूबाईंनी ही तुळस बिदरकडच्या गावाहून आणलेली. तिचं बी धरून धरून घरात चालत आलेली.

मी बी मागितलं. काकूंनी पिकलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळल्या, फुंकर मारली, आणि मूठभर बी माझ्या पदरात टाकलं. "ने," म्हणाल्या, "पण एक कबूल कर. माझी कधी गेली तर तुझ्याकडची मला परत आणून द्यायची. हीच. दुसरी नको. सासूबाईंच्या तोंडात शेवटी मी हिचंच पान ठेवलं. माझ्याही तोंडात हिचंच पडलं पाहिजे."

"हौ काकू," मी म्हटलं. "शब्द दिला."

त्या बियांवर माझी नर्सरी उभी राहिली. दुसरी कुठलीही तुळस मी आवारात येऊ दिली नाही, कारण माश्या भेद करत नाहीत. एकीचा पराग दुसरीवर नेतात, आणि दोन वर्षांत जात बिघडते. सगळे वाफे खुडायचे, पण कुंपणालगतची शेवटची रांग कधी खुडायची नाही, हा माझा नेम होता. ती बियांची रांग. माझ्याकडे कामाला असलेली येल्लम्मा तिला माश्यांची रांग म्हणायची, आणि तेच नाव पडलं. येल्लम्मा माझ्याच वयाची, तेलुगू बाई, माझ्याशी दखनीत बोलायची. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन रांगेवर आलं की माश्या यायच्या. बारक्या फुलोरी माश्या, त्यांचं हाताएवढं पोळं तिथेच सीताफळाच्या झुडपात होतं. काळे भुंगे. आणि एक निळ्या पट्ट्यांची माशी, जी फुलासमोर हवेत थांबते, अंग थरथरवते आणि मगच बसते. आम्ही दोघी चहाचे कप घेऊन समोर बसायचो. येल्लम्मा म्हणायची, "अम्मा, अपने से पहले इनकी ड्यूटी लगती." माश्या नसल्या तर तुळशीत बी धरतच नाही असं नाही, पण थोडं धरतं आणि पोचट धरतं. माश्या फिरल्या की मंजिरी चोळताना तळहात भरतो.

काही वर्षांनी काकांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, हृदयाचा झटका आला. काकू आठ दिवस दवाखान्यातच होत्या. मी अंगणात डोकावले तर तुळस खलास. शेजारीण दोन्ही वेळा भक्तिभावानं तिला पाणी घालत होती, कपाळ माझं! नवरा दवाखान्यात आणि दारातली तुळस वाळलेली, काकू परत येऊन काय बघणार? मी रिक्षा केली, नर्सरीतून त्याच उंचीचं रोप आणलं, आणि अर्ध्या तासात बदललं. बुंध्याला हळदकुंकू चोळलं, दिव्याची काजळी कोनाड्यात होती तशीच राहू दिली. आदल्या कार्तिकात तुळशीच्या लग्नात काकूंनी तिला काळ्या मण्यांचं मंगळसूत्र बांधलं होतं. ते सोडवलं आणि नव्या रोपाला बांधलं.

काका घरी आले. काकूंनी आधी तुळशीपुढे हात जोडले. "हिनं राखलं," म्हणाल्या. मी बाजूला उभी. खोटेपणा केला असं मला वाटलंच नाही. उलट छाती फुगली. तिचंच बी, तिचीच लेक, शब्दाप्रमाणे परत आणून दिली, फक्त बोलले नाही एवढंच.

काका पुढे सहा वर्षं जगले. आणि मी दर दोन-तीन वर्षांनी, काकू देवळात किंवा नातेवाइकांकडे गेल्या की, त्यांची थकलेली तुळस काढून नवी लावत आले. दर वेळी मंगळसूत्र सोडवायचं आणि बांधायचं. काकू कौतुकानं पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सासूबाईंची तुळस, अजून आहे." मी हसून मान हलवायची. या धंद्यात माझ्यापेक्षा हुशार कोणी नाही असं मला तेव्हा वाटत असे.

मग करोना आला. तुम्हाला आठवतं ना, घरोघर काढा? ज्याला त्याला तुळस हवी. सुलतान बाजारात जडीबुटीचं दुकान असलेले एक शेठ रोज फोन करायला लागले. "अम्मा, पत्ता होना, डंडी होना, सब होना. लोगां मर रे." पानं, काड्या, सगळंच हवं होतं त्यांना. मी वाफे कापून दिले. पुन्हा कापून दिले. त्यांचा टेम्पो दारात यायचा, ड्रायव्हर हात जोडायचा. आयुष्यभर मला लोक "तुळशीवाली" म्हणत आले होते, आता "अम्मा, तुम्ही लोकांना वाचवताय" म्हणायला लागले. माझ्या डोक्यात हवा गेली. लोभ नव्हता असं म्हणणार नाही. पण लोभापेक्षा ती हवा जास्त होती.

वाफे संपले तेव्हा वैशाख होता. शेठ म्हणाले, "आणखी?" मी कुंपणाकडे पाहिलं. माश्यांची रांग गच्च भरलेली, सगळ्या मंजिऱ्या फुलावर.

येल्लम्मा माझ्या आणि रांगेच्या मध्ये उभी राहिली. "नक्को अम्मा. ये बीज की लाईन है. इनके पेट पे नक्को मारो."

"अगं, बुंधे ठेवते ना," मी म्हटलं. "फुटतील पंधरा दिवसांत. आणि डब्यात गेल्या वर्षीचं बी आहे."

"धूप देखो अम्मा, धूप."

तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, उन्हाळ्यात तुळशीचं लाकूड उघडं पाडू नका. तिला पानांचीच सावली असते. आणि मी स्वतः कोयता घेऊन, डाव्या हातानं, ती रांग गुडघ्याखाली आणली. येल्लम्मानं त्या दिवशी कोयत्याला हात लावला नाही. ती नळाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता माश्या आल्या. बुंध्यांवरून फिरल्या, बसायला जागा शोधत राहिल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या, थोड्या कमी. मग आल्या नाहीत. सीताफळातलं पोळं रिकामं झालं, करड्या कागदासारखं लोंबत राहिलं. बुंधे फुटले नाहीत. पाऊस आला तेव्हा मी एकेक हलवून पाहिला, हाताशीच निघून आला. येल्लम्मा ते गोळा करून कुंपणाशी रचत गेली. तिनं मला बोलून घ्यावं असं फार वाटत होतं.

तरी मी घाबरले नाही. डब्यात बी होतं ना! गिऱ्हाइकांची घाई होती म्हणून मी त्या आषाढात बाजारातलं पाकिटाचं बी पेरलं. भराभर आलं. मोठं पान, हिरवंगार, भरगच्च रोप. लोक खूश. "यंदा तुमची तुळस काय मस्त आलीय!" पान चुरडलं तर ओल्या गवतासारखा वास, मागून थोडीशी तुळस. आवारात दुसरी जात येऊ द्यायची नाही हा नेमही मोडला. म्हटलं, एक वर्षाचा प्रश्न आहे.

श्रावण सरता सरता बरकतपुऱ्याहून नीलिमाचा फोन आला. नीलिमा काकूंची सून, पुण्याची, घरूनच कंपनीचं काम करते, गुणी मुलगी. "सिंधूमावशी, आईंची तुळस फारच वाळलीय हो. मी तर रोज मोबाईलला गजर लावून पाणी घालते! आईंचे गुडघे धरलेत, त्या अंगणात आलेल्या नाहीत. त्यांना कळायच्या आत जरा बघता का?"

मी गेले. तुळस अर्धी गेली होती. अर्धी, नीट ऐका. खालच्या दोन फांद्या हिरव्या होत्या आणि त्यांवर तीन मंजिऱ्या पिकत आलेल्या. ओल्या वाळूत खोचली असती तर ती फांदी दहा दिवसांत मुळं धरती. पण माझे हात सवयीनं चालले. मंगळसूत्र सोडवलं, जुनी उपटली, सोबत नेलेलं पाकिटाचं रोप लावलं. म्हटलं, कार्तिकात आपली लावू, तोवर ही चालेल. गल्लीत कचऱ्याची ऑटो उभी होती. मीच ती जुनी तुळस, मंजिऱ्यांसकट, तिच्यात टाकली. नीलिमा म्हणाली, "वा, काय फ्रेश दिसतेय!"

भाद्रपदातल्या पावसात नर्सरीच्या पत्र्याच्या खोलीत पाणी शिरलं. डबा खालच्या फळीवर होता. उघडला तर बियांचा काळा, बुळबुळीत गोळा, वर पांढरी बुरशी. मी तो उन्हात वाळवला, फोडला, होतं नव्हतं तेवढं सगळं पेरलं. येल्लम्मा आणि मी एकवीस दिवस त्या वाफ्यावर वाकून होतो. गवत उगवलं.

तेव्हा मला कचऱ्याची ऑटो आठवली. मी हातातलं खुरपं टाकलं आणि फाटकाकडे निघाले. येल्लम्मानं विचारलं, "क्या हुआ अम्मा?"

मग मी घरं पालथी घातली. बरकतपुरा, काचीगुडा, तारनाका. तीस वर्षांची गिऱ्हाइकं, माझ्या हातची काळी तुळस घेतलेली. बेल वाजवायची आणि विचारायचं, "तुमच्याकडे माझी जुनी तुळस आहे का हो? एक फांदी हवी होती." कुणाकडे नव्हती. "ती केव्हाच गेली, नंतर तुमच्याकडूनच दुसरी नेली की." हो, माझ्याकडूनच नेली, पाकिटाची. त्या काचीगुड्याच्या सुनेकडेही गेले, ती आता स्वतः सासू व्हायच्या बेतात. तिनं चहा दिला, कुंडी दाखवली. पाकिटाची. तारनाक्यावर एका घरी प्लास्टिकची तुळस होती, आत दिवा लावलेली. त्या बाई म्हणाल्या, "आता कटकट नाही बघा." बिदरकडच्या त्या गावालाही जाऊन आले. तिथे काकूंच्या सासरचं कुणी उरलेलं नाही. देवळापुढे तुळस होती. वास घेतला, नव्हती ती.

काकूंकडे जायचं मी टाळायला लागले. नीलिमा दर वर्षी तुळशीच्या लग्नाला बोलवायची, मी दर वर्षी काही कारण काढायची. अशी चार वर्षं गेली. नर्सरीत मी शेवटची रांग पुन्हा न खुडता ठेवली, पाकिटाच्याच रोपांची. माश्या आल्या, दोन-चार, बसल्या आणि निघून गेल्या. शेजारी इमारत झाली होती, तिथे औषध फवारतात. त्यामुळे येत नाहीत असं मी लोकांना सांगते. त्याआधीच त्या गेल्या होत्या, हे मला माहीत आहे.

या श्रावणात नीलिमाचा फोन आला. "मावशी, आई आठवण काढतायत. आता याच."

दुपार होती. काकू पलंगावर, एवढ्याशा झालेल्या. मला पाहून म्हणाल्या, "आलीस? तुळशीचं एक पान तोडून आण गं."

अंगणातून मी पान आणलं. काकूंनी ते बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग माझ्या हातात परत दिलं.

"ही नव्हे. ती आण."

मी म्हटलं, "काकू..."

"अगं, मला सगळं ठाऊक आहे. हे दवाखान्यात होते तेव्हापासून. मंगळसूत्राची गाठ उलटी पडलेली होती. तू डावखुरी. दर वेळी मला कळायचं, सिंधू येऊन गेली." त्यांना दम लागला, नीलिमानं उशी वर केली. "मी गप्प बसले. म्हटलं, पोरीनं शब्द पाळला, माझंच मला आणून देतेय, आणि बोलून दाखवत नाही. वास तोच होता ना. या चार वर्षांत बाहेर बसले की वासच नाही. म्हटलं, ही तात्पुरती असेल. सिंधू आणेल. तिच्याकडे आहे."

मला त्या वेळी खोटं बोलता आलं असतं. चांगलं बोलते मी खोटं, तीस वर्षांचा सराव आहे. पण त्यांच्या नाकापुढे काय धरणार होते?

"काकू, माझ्याकडे नाही हो," मी म्हटलं. "कुठेच नाही. मी घालवली. शेवटची तुमच्याच अंगणात होती, ती मी उपटून फेकली."

रागावतील, रडतील, "जाऊ दे गं" तरी म्हणतील, अशी मी वाट बघत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मग राहू दे," म्हणाल्या. "मला नुसतं पाणी घाला."

चौथ्या दिवशी गेल्या. मी तिथेच होते. नीलिमा गंगाजलाची वाटी घेऊन आली आणि तिला एकदम आठवलं, "अगंबाई, तुळशीचं पान!" ती अंगणाकडे वळली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "नको. त्यांनी सांगितलंय." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चमच्यानं पाणी घातलं. थोडं आत गेलं, थोडं ओठांच्या कडेनं ओघळलं, ते मी पदरानं टिपलं. दारात ती तुळस हिरवीगार, कमरेएवढी उभी होती, माझ्या हातच्या उलट्या गाठीसकट.